ग्रहण सहाव्या महिन्यात होतं

हे मी टेबलाशी बसून लिहीत नाहीये. डाव्या हातावर मुलगी आहे आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने मोबाइलवर टाइप करते आहे. मध्येच कुठे तुटक वाटलं तर समजून घ्या, तिथे ती उठली असेल.

मी करुणा. माहेर खुटबाव, दौंड तालुका. सासर कारेगाव, रांजणगावच्या कंपन्यांना लागून. तिथल्याच एका कंपनीत मी पार्ट तपासायच्या लाइनवर होते. नवरा दुसऱ्या कंपनीत, शिफ्टमध्ये. त्याचं नाव प्रशांत. नाव सरळ लिहिते, उखाणा घ्यायला आता अंगात त्राण नाही.

आमची मुलगी मैत्री जन्मली तेव्हा तिची आतडी पोटाच्या बाहेर होती. आज ती बरी आहे. दूध पिते, रडते, माझे केस ओढते. हे आधीच सांगून टाकते, कारण ज्यांना हे वाचायची खरी गरज आहे त्यांना शेवटापर्यंत दम निघणार नाही. मलाही निघत नव्हता. त्या दिवसांत मी मोबाइलवर शोधायचे तेव्हा एकतर सगळं इंग्रजीत यायचं नाहीतर फोटो यायचे, आणि फोटो बघितला की मी मोबाइल उशीखाली पालथा घालायचे. म्हणून मी इथे एकही फोटो टाकणार नाही.

भोपळा

आम्ही बौद्ध. माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते ग्रामपंचायतीच्या पाणीपुरवठ्यात होते, आता रिटायर आहेत. दर रविवारी विहारात वंदना तेच घेतात आणि बावीस प्रतिज्ञा न अडखळता म्हणतात. नवस, अंगारे, दृष्ट काढणं यातलं काहीही आमच्या घरात चालत नाही. म्हणजे मामांच्या समोर चालत नाही. ते बाहेर गेले की सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते, मीठमोहऱ्या उतरवून चुलीत टाकायच्या आणि मला डोळा मारायच्या.

मला सहावा महिना होता तेव्हा ग्रहण आलं. संध्याकाळचं होतं. गल्लीतल्या बायका सकाळपासून सांगून जात होत्या, आडवी पडून राहा, कूस बदलू नकोस, काही चिरू नकोस, शिवू नकोस. मामा ओसरीवर बसून ऐकत होते. ऐकून ऐकून त्यांना चेव आला. ग्रहण लागायच्या वेळेला त्यांनी स्वतः विळी आणून दारात मांडली, भोपळा ठेवला आणि म्हणाले, "करुणा, आज भाजी तू चिर. दारातच बस. बघू दे सगळ्यांना."

मी बसले आणि चिरला. मला भीती वाटली का, असं नंतर खूप जणांनी विचारलं. खरं सांगायचं तर भीती वाटली नाही. भोपळा कडक होता आणि पोट मध्ये येत होतं, एवढंच आठवतं. मामांनी फोटो काढून विहाराच्या ग्रुपवर टाकला. खाली अंगठ्यांची रांग लागली. मामा त्या दिवशी दोन भाकरी जास्त जेवले.

दौंडची सोनोग्राफी

पहिली सोनोग्राफी शिरूरला झाली होती, अगदी सुरुवातीची. त्यात ठोके ऐकू आले आणि आम्ही पेढे आणले. पाचव्या महिन्यातली मोठी राहिली. आधी मशीन बंद होतं, मग डॉक्टर सुट्टीवर, मग सण आला, मग सगळे म्हणाले बाळ हलतंय ना, मग झालं. तुम्ही मात्र ती राहू देऊ नका. तेवढं एक माझं ऐका.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरचं. त्यामुळे डोहाळजेवण झालं की मी खुटबावला आले आणि आठव्या महिन्यात आई मला दौंडला सोनोग्राफीला घेऊन गेली. तिथले डॉक्टर सुरुवातीला माझ्याशी बोलत होते, कोणत्या कंपनीत, काय काम. मग बोलायचे थांबले. पोटावर ते यंत्र एकाच जागी पुन्हा पुन्हा फिरायला लागलं. मी विचारलं, काय झालं. त्यांनी विचारलं, बाहेर कोण आहे.

आईला आत बोलावून त्यांनी एका कागदाच्या मागे चित्र काढलं. एक गोल, त्याला बेंबीपाशी एक भोक, आणि भोकातून बाहेर आलेली वेटोळी. म्हणाले, बाळाच्या पोटाची भिंत इथे बंद झालेली नाही, आतडी बाहेर तरंगताहेत. ऑपरेशन करून आत घालता येतात. पुष्कळ बाळं बरी होतात. पण बाळंतपण इथे नाही करायचं, पुण्यात करायचं, जिथे लहान मुलांचे सर्जन आणि नवजात बाळांचा अतिदक्षता विभाग एकाच ठिकाणी आहे तिथे. त्यांनी हे तीनदा तरी सांगितलं. आई मान हलवत होती. नंतर कळलं की तिने "आतडी बाहेर" एवढंच ऐकलं होतं, पुढचं काहीच नाही.

 घरी आल्यावर पाण्याचा तांब्या माझ्यापुढे ठेवून तिने विचारलं, "ग्रहणात काय केलं व्हतंस का गं?"

मी भोपळ्याचं सांगितलं. आई उभी होती ती खाली बसली. माझी आईही वंदनेला जाते, तिच्याही घरात देव्हारा नाही. पण चिरलेला भोपळा आणि उघडं पोट हे तिच्या डोक्यात असं काही जुळलं की मलाही क्षणभर ते खरंच वाटलं. मग तिने कारेगावला फोन लावला. आत्यांनी उचलला. आई म्हणाली, "तुमच्या म्हाताऱ्याला समाजसुधारणा करायला माझीच लेक सापडली व्हय?"

त्या फोननंतर दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं. मामांना आत्यांनी काय सांगितलं, कसं सांगितलं, मला माहीत नाही. मला विचारायचं सुचलंही नाही.

पिशवी

पुण्यातल्या हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. मोठं आहे, गर्दी असते, लिफ्ट बहुतेक वेळा येत नाही. पैशांचंही लिहीत नाही, फक्त एवढंच, की पहिल्याच दिवशी तिथल्या समाजसेवा विभागातल्या बाईंना भेटा, लाजू नका.

बाळंतपण साधंच झालं. माझ्या मनात होतं की बाळ बाहेर येताच माझ्या छातीवर ठेवतील, मोबाइलवर तसंच बघितलं होतं. ते झालं नाही. कुणीतरी म्हणालं मुलगी आहे, आणि छातीपर्यंत पारदर्शक प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं काहीतरी घाईने दारातून गेलं. मला तिचा एक पाय दिसला. माझी आणि माझ्या मुलीची पहिली भेट म्हणजे तो पाय.

दुसऱ्या दिवशी मला व्हीलचेअरवरून तिच्याकडे नेलं. काचेच्या पेटीत ती उताणी, तोंडात नळी, हाताला नळी. पोटावर एक पारदर्शक पिशवी वरच्या दांडीला उभी टांगलेली, आणि पिशवीत तिची आतडी. लाल, सुजलेली. बघवत नाही, पण बघितल्याशिवायही राहवत नाही. सिस्टर केरळच्या होत्या. हिंदीत म्हणाल्या, "रोज थोडा थोडा अंदर जाएगा. पेट को भी जगह बनाने को टाइम चाहिए." रोज पिशवीला खालून थोडं जास्त बांधायचे आणि आतडी आपल्या वजनाने हळूहळू आत उतरायची. पोत्यात धान्य बसवतात तसं. सगळं एकदम कोंबलं तर बाळाला श्वास घेता येत नाही.

मला तिला उचलता येत नव्हतं. हात धुऊन, सॅनिटायझर लावून एक बोट तिच्या तळहातात ठेवता यायचं. ती ते धरायची. सगळीच बाळं धरतात, मला माहीत आहे. तरी मला ते बरं वाटायचं.

मोठ्या डॉक्टरीणबाई राउंडला आल्या तेव्हा मी मान खाली घालून त्यांना ग्रहणाचं विचारलं. शेजारी शिकाऊ डॉक्टर होते, मला वाटलं हसतील. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "मला आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी हे विचारतंच. बाळाच्या पोटाची भिंत तिसरा महिना संपायच्या आत बंद व्हायची असते. हिची झाली नाही. का नाही झाली ते आम्हालाही नीट ठाऊक नाही. पण तुमचं ग्रहण आलं कधी?"

मी म्हटलं, सहाव्यात.

"मग तेव्हा हे भोक तिथे होतंच. फक्त आपल्याला दिसलेलं नव्हतं."

मी खुर्चीत बसले आणि पुष्कळ रडले. सुटल्यासारखं झालं. मग प्रशांतला सांगितलं आणि त्याने रात्रपाळीला जाण्याआधी घरी जाऊन मामांना सांगितलं.

दोन आज्या, एक चटई

बाळंतपण माहेरचं, म्हणून आई हटेना. नात आपली, म्हणून आत्या हटेनात. अतिदक्षता विभागाच्या बाहेर नातेवाईकांना बसायला जो पॅसेज आहे तिथे दोघींनी एकाच चटईवर संसार मांडला, एकमेकींकडे पाठ करून. बोलायचं असलं की माझ्यामार्फत. "तिला सांग, चहा निवला." "तिला सांग, मी साखरेचा पीत न्हाई." मी दोघींच्या मध्ये बसून दोघींचंही ऐकायचे आणि कुणालाच काही सांगायचे नाही, कारण दोघींना ऐकू आलेलंच असायचं.

माझं काम दूध काढायचं. बाळ पिणार नव्हतं, तिच्या तोंडात पाण्याचा थेंबही चालत नव्हता, तिचं सगळं पोषण शिरेतून. पण दूध आटू नये म्हणून दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने काढायचं, बाटलीवर चिठ्ठी लावायची, फ्रीजमध्ये ठेवायला द्यायची. चिठ्ठीवर "बेबी ऑफ करुणा". तिला तोवर नाव नव्हतं. नाव ठेवू या का असं कुणी म्हणतही नव्हतं, आणि का म्हणत नाही हे सगळ्यांना कळत होतं.

मी त्या दिवसांत इतकी थकले होते की दूध काढता काढता माझं डोकं भिंतीला टेकायचं आणि बाटली कलंडायची. सांडलेल्या दुधावर रडू नये म्हणतात. मी रडले आहे.

पिशवी रिकामी झाली तेव्हा ऑपरेशन करून पोट शिवलं. आम्हाला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं. आता आतडी चालायची वाट बघायची होती. इतके दिवस बाहेर राहिलेली आतडी रुसलेली असतात, लगेच कामाला लागत नाहीत. नाकातल्या नळीतून हिरवं पाणी यायचं. ते हिरवं फिकं पडायला हवं, आणि बाळाला शी व्हायला हवी. बस्स, एवढंच. प्रशांतच्या लाइनवरचे लोक, माझ्या कंपनीतल्या मैत्रिणी, खुटबावची चुलती, ज्याचा फोन यायचा तो नमस्कार न करता विचारायचा, शी झाली का? माझ्या लेकीच्या शीची चौकशी शिरूरपासून दौंडपर्यंत चालली होती.

एका दुपारी सिस्टरने काचेतून अंगठा दाखवला. मी पॅसेजमध्ये आले आणि काही बोलायच्या आधीच दोघींना माझ्या तोंडावरून कळलं. आत्या आईकडे वळल्या.

"झाली म्हनं."

"झाली," आई म्हणाली. मग डब्यातली चपाती मोडून तिने अर्धी आत्यांच्या हातावर ठेवली.

मामा

मामा आलेच नव्हते. डबा पाठवायचे, कपडे पाठवायचे, स्वतः येत नव्हते. बरं नाही म्हणून सांगायचे. आईचं मत होतं की मुलगी झाली आणि तीही अशी, म्हणून तोंड फिरवलं. मला तसं वाटत नव्हतं, पण मी विचार करायचं टाळत होते. माझ्या मनात त्यांच्यासाठी जागाच उरली नव्हती.

प्रशांतने मग एकदा सांगितलं की मामा विहारात जायचे बंद झालेत. वंदना दुसरं कुणीतरी घेतं. ग्रुपमधूनही बाहेर पडले. गल्लीतल्या कुणीतरी त्यांच्या तोंडावर म्हटलं होतं, कशी वाटली समाजसेवा? मामांनी उत्तर दिलं नाही. आयुष्यभर ज्यांनी कुणाला उत्तर द्यायचं सोडलं नाही, ते.

दूध सुरू झालं, थेंबाथेंबाने, नळीतून. दोनचार दिवस बरे गेले आणि मग तिने हिरवी उलटी केली. पोट टणक झालं, ताप आला, अंगाचा रंग बदलला. जंतुसंसर्ग. दूध बंद, पुन्हा शिरेतून सगळं, पुन्हा श्वासाची नळी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज मी काही सांगू शकत नाही. आजवर त्या रोज काहीतरी सांगत होत्या, म्हणून मला ते वाक्य फार लागलं.

त्या दुपारी प्रशांत खालून आला आणि म्हणाला, पप्पा आलेत, खाली कंपाउंडमध्ये बसलेत, वर येत नाहीत. मी उतरले. मामा पांढरा शर्ट घालून पार्किंगच्या कट्ट्यावर बसले होते. बसने आले होते, कुणाला न सांगता. मला बघून उठून उभे राहिले. सासरे सुनेसाठी उठत नाहीत. मला ते बघवलं नाही.

म्हणाले, "परशांतनं सांगितलं मला डॉक्टरीणबाईंचं. ग्रहन सहाव्यात आलं, भोक तिसऱ्यातलं. मला कळतंय गं सगळं. लोकांना मीच आजवर सांगत आलोय. पन आत उतरत न्हाई. डोळं मिटलं की इळी दिसती."

दुसरा एखादा दिवस असता तर मी त्यांना समजावलं असतं. त्या दिवशी मला ते जमलं नाही. मी म्हटलं, "मामा, माझ्यात आता कुणाची समजूत काढायचं बळ नाही. तुम्ही वर या, तिला बघा. तिला बघायला माणसं हवीत."

ते आले. काचेपाशी उभे राहिले. सिस्टरने विचारलं, चादर काढून दाखवू का? मामांनी हात हलवून नको म्हटलं. "तोंड बघतो नुसतं," म्हणाले. तोंड बघितलं आणि निघाले. जाताना आत्यांशीही बोलले नाहीत.

मला त्यांचा राग आला होता, हे लिहून ठेवते. ज्याच्या घरात असं होतं त्या प्रत्येकाच्या मनात एकेक फास असतो, आणि बाळाच्या आईने सगळ्यांचे फास सोडवावेत असं सगळ्यांना वाटतं. तुम्हाला जमलं नाही तर जमलं नाही. बाळाकडे लक्ष द्या.

घरी

ती वाचली. कशी ते मला नीट सांगता येणार नाही. ताप उतरला, रंग परत आला, नळी निघाली, पुन्हा थेंबभर दूध, पुन्हा आम्ही श्वास रोखून पोटाकडे बघत. मग एक दिवस ती भुकेने ओरडली. तिथवर ती सुईने रडायची, नळीने रडायची. हे रडणं वेगळं होतं. सिस्टर हसून म्हणाल्या, भूख लगी है, और क्या. मी तिला पहिल्यांदा अंगाशी लावलं. तिला ओढायचं कळेना, मला धरायचं कळेना. तरी थोडं पोटात गेलं.

नाव त्याच आठवड्यात ठेवलं. आत्यांनी सुचवलं, आईने हो म्हटलं.

घरी सोडताना कुठल्या घरी यावरून पुन्हा जुंपली. माहेरी न्यायची रीत, पण नात सासरची. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काही झालं तर इथे यायला कुठून सोपं? कारेगावहून नगर रस्त्याने सरळ. विषय संपला. आईने पिशवी उचलली आणि तीही कारेगावलाच आली. व्याह्याच्या घरी राहायला लागणं तिला जड गेलं, पण राहिली.

घरी आल्यावर दमणूक संपते असं नाही, फक्त तिथे सिस्टर नसतात. ती ओकली की मी आधी रंग बघायचे. दुधाचा असला तर पुसायचं, हिरवा असला तर गाडी. अजून बघते. पोटावर आडवा व्रण आहे, बेंबी म्हणावी अशी बेंबी नाही, एक खळी आहे, आणि जोरात रडली की तिथे थोडं फुगतं. आईने फुगवटा बघून लगेच जुना पैसा आणि पट्टी काढली, बेंबीवर पैसा बांधतात तसा बांधायला. मी तिच्या हातातून पट्टी काढून घेतली आणि डॉक्टरांना फोन लावून दिला. त्यांनी काय सांगितलं कोण जाणे, पैसा परत पेटीत गेला. तुमच्या घरीही कुणीतरी पैसा काढेल. बांधू देऊ नका. मसाजही पोट सोडून.

मामा घरातच असायचे, पण तिच्यापासून लांब. तिला उघडं करायची वेळ आली, आंघोळ, तेल, कपडे, की चप्पल घालून बाहेर जायचे. मांडीवर एकदाही घेतलं नाही. आत्या म्हणायच्या, पुरुषांना तान्ह्याची भीती वाटते. मला कळत होतं, त्यांनाही कळत होतं.

बाकडं

मागच्या तपासणीला प्रशांतला सुट्टी मिळाली नाही. आईला खुटबावला जावं लागलं होतं आणि आत्या तापाने पडल्या होत्या. मी एकटी जाते म्हटलं तर मामांनी छत्री आणि पाण्याची बाटली घेतली.

लहान मुलांच्या सर्जरीच्या ओपीडीत नंबर उशिरा लागतो. बाकड्यावर आम्ही बसलो. मैत्री माझ्याकडे. शेजारी एक पोटुशी मुलगी येऊन बसली, माझ्याहूनही लहान, हातात सोनोग्राफीचं पाकीट. बरोबर तिची सासू. भाषा आमच्याकडचीच. मुलगी पाकिटाकडे बघत होती आणि तिचा अंगठा त्याच्या कडेवरून नुसता फिरत होता. मी विचारायच्या आधीच सासूने सांगितलं, बाळाचं पोट उघडं आहे म्हणतात, आतडी बाहेर आहेत. मग तिने मैत्रीकडे बघितलं.

"हिचंबी तसंच व्हतं का?"

मी हो म्हटलं.

सासू पुढे वाकली. आवाज उतरवून म्हणाली, "तू ग्रहनात काय केलं व्हतंस? आमच्या हिनं ब्लाउजला हूक लावला. मी सांगत व्हते, नको लावू. ऐकलं न्हाई."

मुलीने मान वर केली नाही. मला तिला खूप काही सांगायचं होतं. डॉक्टरीणबाईंचं वाक्य मला पाठ होतं. पण पहाटेपासून मी जागी होते, आणि त्या घटकेला माझ्या तोंडातून शब्द निघेना. खरंच निघेना.

"चिरलं व्हतं," मामा म्हणाले.

त्यांचा आवाज चढला नव्हता. विहारात बोलतात तसा तर मुळीच नव्हता.

"ग्रहनात हिनं भोपळा चिरला. मीच चिरायला लावला, मी हिचा सासरा. आन् नातीचं पोट असं निघालं. मला लई दिवस वाटलं, माझ्यामुळंच झालं. अजूनबी कवा कवा वाटतं, खोटं कशाला बोलू. पन बाई, हे भोक तिसऱ्या म्हयन्यातलं असतं. ग्रहन आलं तवा ते व्हतंच. पोरीच्या हुकानं काय बी झालेलं न्हाई. तिला तसं बोलू नका. ती आतनं तेच बोलत आसंल सोताला."

सासू मागे सरकून बसली. पटलं असं तिच्या तोंडावर दिसलं नाही. पण मुलीने मान वर केली आणि मामांकडे बघितलं, माझ्याकडे नाही.

मामांनी माझ्यासमोर हात पसरले. मला आधी कळलंच नाही. मग मी मैत्रीला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी झबल्याचे बंद सोडले, एकेक करून, आणि झबलं बाजूला केलं. तो व्रण त्यांनी त्याआधी बघितलेला नव्हता. थोडा वेळ ते नुसते बघत राहिले. मग त्यांनी सगळा तळहात तिच्या पोटावर ठेवला.

"हात लाव," ते त्या मुलीला म्हणाले. "लाव, काय व्हत न्हाई. मऊ हाय बघ, कसं भरलंय दुधानं."

तिने बोटं टेकवली. मैत्री जांभई देऊन मामांच्या शर्टाचं बटण पकडायला बघत होती. मामा त्या मुलीला दूध काढून ठेवायचं, चिठ्ठीचं, नळीतल्या हिरव्या पाण्याचं सांगायला लागले. हे त्यांना कुणी सांगितलं होतं कुणास ठाऊक. रोज चप्पल घालून बाहेर जाणाऱ्या माणसाला सगळं माहीत होतं.

मी भिंतीला डोकं टेकलं. नंबर आला की ते उठवतील, असा विचार केलेला आठवतो. मैत्री जन्मल्यापासून ती दुसऱ्या कुणाच्या हातात असताना मला पहिल्यांदा झोप लागली.